दहा मीटरला दहा, पन्नासला सात: बॅरल बदलण्याआधी

प्रश्न असा आहे. एअर रायफलला दहा मीटरवर ६२० च्या वर स्कोअर (साठ शॉट, दशांश धरून) नियमित येतो. यंदा क्लबच्या .२२ रायफलवर ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर झोपून मारणं, सुरू केलं. सकाळी सात-साडेसातला ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, दहात बसतो. दहा-अकरा वाजले की तोच ग्रुप आडवा पसरतो, नऊ आणि आठ लागू लागतात, आणि मधूनच एखादी गोळी सरळ खाली सातला जाते. क्लबमधल्या जुन्या मंडळींचं म्हणणं की बॅरल गेली. तर नवी बॅरल टाकावी का, की गोळ्यांचा ब्रँड बदलावा?

दोन्ही नको, निदान इतक्यात तरी. बॅरल गेली असेल तर ती सकाळी सातलाही गेलेलीच असते, तिला घड्याळ कळत नाही. शिवाय .२२ ची गोळी मऊ शिशाची, दाबही कमी. हजारो गोळ्या झाडूनही या बॅरली सहसा झिजत नाहीत. क्लबच्या रायफली बिघडतात त्या बहुतेक वेळा चुकीच्या सफाईने आणि ढिल्या स्क्रूंनी, आणि दोन्हींचं निदान फुकटात होतं. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात माझ्या मते दोन वेगळे दोष एकाच टार्गेटवर दिसताहेत. आडवा पसारा वाऱ्याचा आहे. खालचा सात जवळजवळ नक्की तुमचा स्वतःचा आहे. हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो, कारण नुसतं माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही क्लबशी वाद घालू नये.

आधी एक हिशेब. ५० मीटर म्हणजे दहा मीटरच पाचपट लांब केलेलं, असं नवीन मुलं धरून चालतात. टार्गेट तसं नाही. दहा मीटरला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा. हे पाचपट केलं तर साडेबारा मिलिमीटर व्हायला हवेत. प्रत्यक्षात ५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, गोळी ५.६ ची, म्हणजे केंद्र ८ मिलिमीटरच्या आतच पडायला हवं. कोनात मोजलं तर तुमचा दहा एक तृतीयांशाहून जास्त आकसला. त्यापुढे प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण जातो. १६ पर्यंत नऊ, २४ पर्यंत आठ, ३२ पर्यंत सात. हे चार आकडे पाठ करून ठेवा, पुढचं सगळं निदान त्यांच्यावर आहे.

आणि दहा मीटर तुम्ही बंद हॉलमध्ये मारता. तिथे वारा नाही, ऊन नाही, धक्का नाही, प्रत्येक छर्रा जवळजवळ सारखा. तिथला ६२० हा होल्ड (रायफल स्थिर धरणं) आणि ट्रिगर चांगला असल्याचा पुरावा आहे, बाकी कशाचाच नाही.

आता रायफलला स्क्रू ड्रायव्हर लावण्याआधी माहिती गोळा करा. तुमच्या रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटची जागा साठवलेली असते, तिचा प्रिंट घ्या. कागदी असेल तर टार्गेट ठेवून द्या, वर वेळ लिहा. सकाळच्या चाळीस आणि अकराच्या चाळीस गोळ्या वेगवेगळ्या मांडा. पाच गोळ्यांच्या ग्रुपवरून निकाल काढू नका. तीच रायफल, तोच लॉट (एकाच खेपेत बनलेल्या गोळ्या), तोच माणूस असला तरी दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने पाव पट मोठाच येतो, हे निव्वळ संख्याशास्त्र आहे. पाच गोळ्यांचा एखादा सुंदर ग्रुप मोबाइलमध्ये फोटो काढून वर्षभर दाखवणारे नेमबाज प्रत्येक रेंजवर असतात. त्या फोटोवरून रायफलबद्दल काहीच कळत नाही.

मांडल्यावर आकार बघा. आडवा पसारा अगदी सपाट आहे की तिरका? तिरका असेल तर कुठून कुठे? टार्गेटला घड्याळाची तबकडी मानून दहाच्या आकड्यापासून चारच्या आकड्यापर्यंत तिरका असेल तर तो वारा आहे, यात शंका ठेवू नका. .२२ च्या बहुतेक मॅच बॅरलींच्या आतल्या खाचांचा पीळ उजवीकडे वळणारा असतो. उजवीकडून वारा आला की गोळी डावीकडे जाते आणि थोडी वर चढते. डावीकडून आला की उजवीकडे जाते आणि थोडी खाली उतरते. वाऱ्याने गोळी नुसती आडवी सरकते हा समज घेऊन जे साईटचे (नेम धरायच्या साधनाचे) फक्त डावे-उजवे क्लिक फिरवत राहतात, त्यांचे नऊ मग वर-खाली लागतात आणि ते ट्रिगरला दोष देतात.

किती वारा पुरतो? मॅचची गोळी ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम), साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या थोडी खालीच. तिला ५० मीटर जायला सेकंदाच्या सहाव्या-सातव्या भागाइतका वेळ लागतो. सरळ आडवा वारा सेकंदाला एक मीटर असेल तर गोळी अंदाजे ५ ते ६ मिलिमीटर सरकते. चेहऱ्यावर जेमतेम जाणवणारी झुळूक सेकंदाला दीड ते तीन मीटरची असते. म्हणजे ८ ते १८ मिलिमीटर. वरचे आकडे लावा: मध्यावर मारलेली गोळी नुसत्या झुळुकीने नऊला जाते, जरा जोर असेल तर आठला. तुमच्या अकरा वाजताच्या नऊ-आठचा खुलासा इथेच झाला. सकाळी जमीन थंड असते, हवा पडलेली असते. जमीन तापली की हवा हलू लागते.

आणि इथे एक गोष्ट जी मी जवळजवळ प्रत्येक नवीन प्रोनवाल्यात बघतो. साईट सकाळी शांत हवेत लावायची आणि दिवसभर तीच धरून बसायचं. किंवा उलट, झुळुकीत साईट लावायची आणि मग वारा पडला की 'आता शांत आहे' म्हणून घाईघाईने दोन-तीन शॉट काढायचे. वारा पडतो तेव्हाच तुमची साईट चुकीची झालेली असते! झुळुकीसाठी दिलेले क्लिक शांत हवेत गोळीला उलट बाजूला नेतात.

५० मीटरच्या रेंजवर वाऱ्याचे फ्लॅग १० आणि ३० मीटरवर लावतात. बघायचे दोन्ही, पण वजन जवळच्याला जास्त द्या, कारण सुरुवातीला गोळीचा कोन बदलला की तो शेवटपर्यंत चालू राहतो. साईटर, म्हणजे स्कोअरमध्ये न धरले जाणारे सुरुवातीचे शॉट, मारताना दहा शोधत बसू नका, वारा शिका. फ्लॅग डावीकडे अर्धा उचलला असताना दोन गोळ्या, पूर्ण पडला असताना दोन, उजवीकडे गेला असताना दोन. त्या दिवशी जास्त वेळ टिकणारी स्थिती कोणती ते ठरवा, साईट तिच्यासाठी लावा, आणि ती स्थिती असेल तेव्हाच मारा. नसेल तर थांबा. साठ गोळ्यांना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर पन्नास मिनिटं मिळतात, साईटरची वेळ वेगळी. थांबायला वेळ भरपूर असतो, थांबायचा धीर कमी पडतो. आणि तुमच्या साईटचा एक क्लिक ५० मीटरला किती मिलिमीटर सरकवतो हे पुस्तकातून नको, एकाच दिशेला दहा क्लिक देऊन स्वतः मोजा.

उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. तापलेल्या जमिनीवरची हवा उकळताना दिसते, काळं वर्तुळ थरथरतं आणि वाऱ्याच्या दिशेला सरकल्यासारखं भासतं. तापलेल्या बॅरलवरूनही अशीच हवा उठते आणि ती नेमकी तुमच्या नजरेच्या रेषेत येते. त्यासाठी बॅरलवर ताणून लावायची कापडी किंवा रबरी पट्टी मिळते. स्वस्त आहे, लावा. गोळ्यांची डबी उन्हात ठेवू नका.

आता खालचा सात. याला 'फ्लायर', म्हणजे भरकटलेली गोळी, म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे, आणि फ्लायर म्हटलं की दोष आपोआप गोळीवर जातो. जाऊ द्यायचा का, ते मोजून बघू. ५० मीटरला जाईपर्यंत गोळी गुरुत्वाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. त्यावरून हिशेब येतो की वेग सेकंदाला १ मीटरने कमी झाला तर गोळी अंदाजे पाऊण मिलिमीटर खाली लागते. चांगल्या डबीतल्या दोन गोळ्यांत १० मीटरचा फरक निघाला तर ७-८ मिलिमीटर, म्हणजे फार तर एक गुण. सात लागायला केंद्रापासून २४ ते ३२ मिलिमीटर खाली जावं लागतं. त्यासाठी गोळी ३० ते ४० मीटर प्रति सेकंद हळू निघायला हवी, म्हणजे साधारण दहा टक्के. अशी गोळी क्वचित निघते, पण ती आवाजातच कळते, फुसका बार होतो. आवाज नेहमीसारखा होता ना? मग गोळीला मोकळं सोडा.

उरतं काय? श्वास, ट्रिगर आणि खांदा. प्रोनमध्ये श्वास घेतला की छाती उचलते, रायफलचं तोंड खाली-वर होतं, म्हणून उभ्या रेषेतल्या चुका बहुतेक श्वासाच्या असतात. पण तुमच्या बाबतीत मला जास्त संशय धक्क्याचा आहे. एअर रायफलला धक्का जवळजवळ नसतो, .२२ ला थोडा असतो. गोळी बॅरलमध्ये असतानाच रायफल हलायला सुरुवात झालेली असते, त्यामुळे बट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) खांद्यात कुठे आणि किती दाबून बसली आहे हा नेमाचाच भाग होतो. दहा मीटरला बट किंचित वर-खाली बसली तरी टार्गेट माफ करतं. इथे करत नाही. त्यात प्रत्येक शॉटनंतर बोल्ट ओढायचा. बोल्ट ओढताना उजवा कोपर उचलला, बट सुटली आणि परत अदमासे बसली, की पुढचा शॉट वेगळ्या पोझिशनमधून गेला. बघा, तुमचे सात बहुधा डबीतून नवीन गोळ्या काढल्यावर किंवा लांब थांबल्यावर येत असतील.

तपासणी अशी. रेंज अधिकाऱ्यांना सांगून एका जोडीदाराला शेजारी बसवा. तो कधी जिवंत गोळी भरेल, कधी वापरलेली रिकामी केस (झाडलेल्या गोळीचं कवच), तुम्हाला न सांगता. तुम्ही फक्त फोरसाईटकडे, म्हणजे बॅरलच्या टोकावरच्या साईटकडे, बघा. रिकामी केस निघाली आणि ट्रिगर सुटताना फोरसाईट खाली बुडाली, तर सात सापडला. स्कोअर बिघडवणारा दुसरा कोणी शोधायला नको. रिकाम्या चेंबरवर (गोळी बसते त्या जागेवर) मात्र .२२ चा ट्रिगर उगाच ओढू नका, काही रायफलींत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. रिकामी केस हवीच.

जिवंत गोळीच्या वेळी धक्क्यानंतर फोरसाईट कुठे जाऊन कुठे परत येते ते पाहा. ती दर वेळी सारखी उडून त्याच काळ्यावर परत यायला हवी. परत येताना बाजूला थांबत असेल तर तुम्ही रायफल स्नायूंनी ओढून धरली आहे. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. काळं सरकलेलं दिसलं तर हाताने ढकलू नका. डावा कोपर जागेवर ठेवून कंबर सरकवा. फोरसाईट ठोक्याठोक्याने हलत असेल तर ती नाडी आहे. स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा) दंडावर आणखी वर घ्या, किंवा एक भोक सैल करा.

सपाट आडव्या पसाऱ्याचं आणखी एक कारण असतं, ते वाऱ्याच्या नावावर खपून जातं. रायफल आडवी कलणं, म्हणजे कॅन्ट. रायफल थोडी कललेली असणं हा दोष नाही, अनेक उत्तम नेमबाज मुद्दाम कलवून धरतात. कल दर शॉटला बदलणं हा दोष आहे. तुम्ही १२ सेंटिमीटरचा उतार धरून साईट लावलेली असते, रायफल पाच अंश कलली की तो उतार बाजूला वळतो आणि गोळी कलण्याच्या बाजूला सुमारे १० मिलिमीटर जाते. मध्यावरचा दहा थेट नऊ होतो. दहा मीटरला हीच पाच अंशांची चूक दीड मिलिमीटरची होते आणि मध्यावरचा शॉट तरीही दहातच राहतो, म्हणून ही सवय तुमच्यात असली तरी आजवर कोणाला दिसली नसेल. फोरसाईटच्या बोगद्यातले आडवे दांडे किंवा छोटं लेव्हल, दोन्हींपैकी एक प्रत्येक शॉटआधी बघायची सवय लावा. टार्गेट प्रिंटमध्ये वारा नसलेल्या सकाळीही पसारा आडवा असेल तर आधी इथेच या.

फोरसाईटचा विषय निघालाच आहे तर तिच्यातल्या, काळं ज्यातून बघतात त्या रिंगबद्दल. दहा मीटरचं काळं ३०.५ मिलिमीटरचं, ५० मीटरचं ११२.४ मिलिमीटरचं. आकडा मोठा वाटतो, पण अंतर पाचपट असल्याने डोळ्याला ५० मीटरचं काळं जवळपास पाव हिस्सा लहान दिसतं. एअर रायफलचीच रिंग इथे घातली असेल तर भोवतीची पांढरी पट्टी फार रुंद होते आणि काळं आत पोहत राहतं. रिंग थोडी लहान करा, पण अगदी घट्टही नको. घट्ट रिंगमध्ये डोळा मध्य शोधत राहतो, वेळ जातो, होल्ड मोडतो. उन्हात आणि ढगात एकच रिंग चालेल अशी अपेक्षा ठेवू नका.

रायफलची तपासणी पटकन सांगतो, यात लांबण लावण्यासारखं काही नाही. ॲक्शनचे (बोल्ट असलेल्या यंत्रणेचे) दोन्ही स्क्रू टॉर्क रेंचने, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याला आवळा; 'हाताला घट्ट लागतंय' हे माप नव्हे. मागच्या साईटचा पाया आणि पुढचा बोगदा हलत नाही ना, हे बोटाने दाबून पाहा. बॅरलचं तोंड भिंगाखाली बघा; कडेला ओरखडा असेल तर तो सफाईच्या रॉडचा असतो, आणि तो मात्र खरोखर महागात पडतो. चेंबरच्या पुढे कडक काजळीची कडी जमली असेल तर गोळी नीट बसत नाही. सफाई चेंबरच्या बाजूने, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून, आणि नंतर काही गोळ्या झाडून बॅरल पुन्हा बसेपर्यंत ग्रुप मोजू नका.

हे सगळं झाल्यावरच रायफल आणि गोळ्यांची परीक्षा. शांत सकाळ, टेबल, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, चाळीस गोळ्या. पिशव्यांवरून ग्रुप दहाच्या आसपास राहिला तर रायफल सुटली, तुम्ही अडकलात. तिथेही पसरला तर मग लॉट बदलून पुन्हा. ब्रँड नव्हे, लॉट. एकाच ब्रँडचे, एकाच भावाचे दोन लॉट एका बॅरलमध्ये अगदी वेगळे वागतात, आणि तुमच्या बॅरलला आवडणारा लॉट शेजाऱ्याच्या बॅरलला आवडेलच असं नाही. म्हणून एली आणि लापुआ या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांची चाचणी केंद्रं आहेत, एलीचं इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ आणि लापुआचं जर्मनीत शोनबेकला. नेमबाज तिथे आपली रायफल नेऊन व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंजात) बसवतात, एकामागून एक लॉट झाडतात, आवडलेला लॉट उचलतात. आपल्याकडच्या क्लबातल्या मुलाला जे आलं ते वापरावं लागतं. पण क्लबकडे दोन-तीन लॉट शिल्लक असतील तर डबीवरचा नंबर वहीत लिहून चाळीस-चाळीस झाडून बघणं कोणालाही शक्य आहे, आणि सरावाच्या डब्या व स्पर्धेच्या डब्या वेगळ्या ठेवणंही. व्हाइसमधून चांगल्या बॅरलने आणि जुळलेल्या लॉटने ग्रुप दहाच्या आतच बसतो, हा मापदंड लक्षात असू द्या.

शेवटी अपेक्षेचं बोलू, कारण बॅरल बदलायची घाई बऱ्याचदा चुकीच्या अपेक्षेतून येते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनचं सुवर्ण घेतलं ते ५९७ गुणांवर, म्हणजे साठ गोळ्यांत तीन गुण गेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस २०२४ ला तीन पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ५९० करून अंतिम फेरी गाठली आणि ४५१.४ वर कांस्य घेतलं. त्या पात्रता फेरीत त्याचे दहा गुण गेलेच होते. जगातल्या सर्वोत्तमांचेही नऊ लागतात. पहिल्या वर्षाच्या नेमबाजाने नऊचं वाईट वाटून घेऊ नये, सातचं घ्यावं.

जाता जाता, ३०० मीटरबद्दलही तुम्ही विचारलं होतं. तिथे दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं, कोनात बघितलं तर ५० मीटरपेक्षा मोठंच. काडतूसही मोठं, गोळी ध्वनीपेक्षा खूप वेगवान. पण वाटेत सहापट हवा आहे आणि फ्लॅग एकाच वेळी दोन दिशांना उडताना दिसतात. आत्ताच्या रायफलवर वारा वाचायला शिकलात तर तिथे जा, त्याआधी नको.

पुढचे चार आठवडे रायफलवर काहीही बदलू नका. पहिल्या आठवड्यात फक्त प्रिंट आणि वेळ. दुसऱ्यात रिकाम्या केसची तपासणी. तिसऱ्यात रिंग आणि लेव्हल. चौथ्यात पिशव्यांवरून चाळीस गोळ्या. एका वेळी एकच गोष्ट हलवा, नाहीतर सुधारणा झाली तरी कशाने झाली ते कळणार नाही. पिशव्यांवरून, शांत हवेत, दोन वेगळ्या लॉटनी, साफ चेंबरने आणि आवळलेल्या स्क्रूंनीही ग्रुप आठला पसरला, तर मला प्रिंट पाठवा. मग बॅरलबद्दल बोलू.